गळ्यात लव असलेला पुदिना

४ मे

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडता एखाद्या जाड पुस्तकाखाली सारून ठेवाल अशी दाट शक्यता होती, म्हणून पत्ता आमच्या नव्या बाईंकडून लिहून घेतला. त्या आता संग्रहालयाच्या प्रमुख आहेत. वयाने माझ्या निम्म्या, चालण्यात माझ्या चौपट. त्यांना वाटलं माझा हात दुखतोय. मीही तो थोडा चोळून दाखवला.

मी अजून त्याच टेबलाशी आहे. वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची, खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहायची, कपाटात ठेवायची. शाळेतलं संस्कृत बंद पडलं तेव्हा शब्द टाकून तुम्ही मला इथे चिकटवलंत, आणि तुमच्या इतर नमुन्यांसारखा मीही जागचा हललेलो नाही. जरा पिवळा पडलो आहे, एवढंच. जिने चढताना दम लागतो. मधल्या मजल्यावर खिडकीतून बाहेर बघण्याची सवय लावून घेतली आहे. लोकांना वाटतं मला निसर्गाची आवड आहे.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली अशी, की आपला सगळा संग्रह मोठ्या शहरातल्या संग्रहालयात हलवायचं ठरलं आहे. खोकी एकतीस जुलैला जातील. झाडं चिकटवलेल्या ज्या शीटवर ‘संशयास्पद’ अशी चिठ्ठी आहे त्या तिकडे घेणार नाहीत. त्या इथेच नष्ट करायच्या. अशा दोनशे बारा आहेत. तुम्ही नवा म्हणून आणलेल्या पुदिन्याची त्यांत एकशे सदतिसावी. नव्या वनस्पतीचं नाव शेवटी त्या एका कागदावर उभं असतं, कागद गेला की नाव गेलं, हे तुम्हीच मला शिकवलंत. कळवणं माझं काम, म्हणून कळवलं.

दुसरी गोष्ट सोबतच्या पुडक्यात आहे. गेल्या आठवड्यात वरच्या डोंगरातली एक मेंढपाळ बाई पाठीवर पोतं घेऊन तीन जिने चढून आली. दम तिला लागला नव्हता. ती डोंगरी पुदिना वाळवून चहावाल्या व्यापाऱ्याला विकते. व्यापाऱ्याने निम्मा माल खोटा म्हणून परत केला. तिचं म्हणणं, खोटा नाही, वेगळा आहे. आणि वेगळा आहे हे तुम्ही शिकलेले लोक कागदावर लिहून द्या. तिने टेबलावर दोन जुड्या ठेवल्या. मी दहा मिनिटं पाहिल्या आणि दोन्ही सारख्याच दिसतात असं सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्ही इथे दिवसभर करता काय?”

याचं उत्तर मला पुरेशा प्रामाणिकपणे देता येईना. दोन्ही जुड्या पाठवत आहे. बघून कळवाल का?

तुमचा
दीर

२३ मे

वहिनी,

कार्ड मिळालं. चार ओळी, त्यांत दोन रागाच्या. मला तीन रागाच्या अपेक्षित होत्या, तेव्हा फायदाच झाला.

तुम्ही लिहिता, नमुने घाईत दाबले आहेत, फुलांचा चुरा झाला आहे, त्यावरून काहीही सांगता येणार नाही. मान्य. मी ते शब्दकोशाखाली दाबले होते. शब्दकोश जड असतो, पण त्याला फुलांची कदर नसते.

भिंग घेऊन बसा आणि ‘माहीत आहे ते नको, दिसतं ते लिहा’ अशी आज्ञा आहे. बसलो. खोड चौकोनी, बोटांत फिरवलं की चार धारा लागतात. पानं समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी. फूल दोन ओठांचं. चुरगाळलं की वास. इथवर लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मी झाड बघतच नव्हतो. पुदिन्याच्या कुळाचं वर्णन तुमच्या जुन्या टिपणवहीतून तोंडपाठ आहे, तेच म्हणत होतो. आयुष्यभर शब्दप्रमाणावर जगलेला माणूस, वहिनी. प्रत्यक्षाशी माझी ओळख आहे, पण येणं-जाणं नाही.

फुलाखालचा हिरवा पेला बघा, असंही तुम्ही म्हणता. तुमच्या शास्त्रात त्याला निदलपुंज म्हणतात. ज्याने हा शब्द घडवला त्याला संस्कृत येत असेल, पण त्याचं फुलांवर प्रेम नसावं. मी पेलाच म्हणतो. पेल्याच्या घशात पांढरी लव आहे की तो आतून साफ टकला आहे, एवढ्यावर सगळं आहे म्हणता. नेहमीचा डोंगरी पुदिना टकला. तुमचा लववाला. ते मला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या आहेत, तेव्हा ठाऊक असणारच.

पण वाळल्या चुऱ्यात काही दिसत नाही. ताजी फुलं जूनमध्ये येतील असं मेंढपाळ बाई म्हणते. नव्या बाईंना डोंगरात जाता येणार नाही, त्या खोक्यांच्या मागे आहेत. दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुमच्या कार्डाच्या शेवटच्या ओळीत मोठ्या साहेबांची चौकशी आहे. ते चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची खुर्ची अजून आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. तिचा एक पाय मोडला आहे, हे त्याचं कारण.

त्या बैठकीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. मीही काही सांगत नाही. सांगण्यासारखं काही नाहीच.

तुमचा
दीर

१६ जून

वहिनी,

पत्र आडवं होऊन लिहितो आहे. अक्षर वाकडं दिसलं तर गुडघ्यांना दोष द्यावा.

गेलो होतो. बसने पायथ्यापर्यंत, पुढे बाईच्या मागून. ती मेंढ्या हाकत चालत होती आणि माझा वेग मेंढ्यांनाही मंजूर नव्हता. वाटेत तिने माझी पूर्ण माहिती काढली. लग्न केलं नाही, भाऊ वारला, वहिनी होती ती गेली. कुठे गेली म्हणाली. समुद्राकाठच्या एका गावात, शाळेत शिकवते. का गेली म्हणाली. मी वाटेकडे लक्ष दिलं.

तुम्ही नकाशा काढून पाठवला होता तो खडक अजून आहे, फुटलेल्या दातासारखा. त्याच्या सावलीच्या बाजूला पुदिना. वास आधी येतो, झाड मागून दिसतं. मी खाली बसलो, म्हणजे तसं ठरवायच्या आतच बसलो होतो, आणि भिंग काढलं.

आता दिसलं ते लिहितो.

एका फुलाचा पेला बोटाने हळूच उघडला. पाच दात, पाचही सारखे. आत स्वच्छ, गुळगुळीत, धुतलेल्या भांड्यासारखा. हातभर अंतरावरच्या दुसऱ्या फांदीचा उघडला. तीन दात वर वळलेले, दोन खाली लांब, सुईसारखे. आणि घशाशी, जिथून आत जायचं तिथे, पांढऱ्या लवेचं कडं. दारात कोणी कापूस कोंबावा तसं. मी परत पाहिलं. अकरा पेले पाहिले, वहिनी. जे माझ्या हातून शंभरदा लिहून झालं होतं ते पहिल्यांदा डोळ्याला दिसलं, आणि मला आनंद व्हायला हवा होता.

मी बाईला दाखवायला गेलो तर तिने भिंग बाजूला केलं. म्हणाली, हे आम्हाला कळतं. मेंढ्या एक खातात, एक सोडतात. तुम्ही वाळवून बघता म्हणून तुम्हाला सारखे दिसतात.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या नकाशात नव्हती. दोन्ही पुदिने एकाच जागी आहेत. नुसते जवळ नाहीत, एकमेकांत आहेत. एकाच गड्ड्यातून वर आल्यासारखे दिसतात, फांद्या फांद्यांत घुसलेल्या. कात्री चालवली तर दोन्ही एकदम हातात येतील.

फुलं या वेळी टिपकागदात, नीट. शब्दकोश वापरलेला नाही.

तुमचा
दीर

४ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र पोचलं. पाच पानं. पोस्टमनने हातात देताना वजन करून पाहिलं.

फुलं नीट पोचली, लववाला पुदिना वेगळाच आहे आणि तो तुमचाच आहे, यात आता शंका नाही असं तुम्ही लिहिता. वाचून बरं वाटलं.

पुढचं तिसऱ्या पानावरचं. दोन्ही झाडं गुंतून वाढतात हे तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं, म्हणून तुम्ही स्वतःच दोन्ही एकत्र कापून आणली असणार. म्हणजे शीटवरच्या, सुट्या फुलांच्या पाकिटातली भेसळ तुमच्याच हातची. आणि इतकी वर्षं तुम्हाला मनातून माझा संशय येत होता, त्याबद्दल मी माफ करावं, असं लिहिलं आहेत. ‘भाऊजी, मी तुमच्यावर फार अन्याय केला’ हे वाक्य दोनदा आहे.

माफी वगैरे कशाला. झालं गेलं.

पायाला अजून सूज आहे. लांब पत्र पुन्हा लिहीन.

तुमचा
दीर

९ जुलै

वहिनी,

मागचं पत्र फाडून टाका. टाकलं असेल तर बरं. ते खोटं होतं, आणि खोटं म्हणूनही आळशी होतं.

पाच दिवस मी तुमची माफी खिशात घालून हिंडलो. कामावर गेलो, चिठ्ठ्या लिहिल्या, दूध आणलं, नव्या बाईंच्या विनोदाला हसलो. सगळं व्यवस्थित बसत होतं. डोंगरानेच साक्ष दिली होती. झाडं गुंतलेली, तुमची कात्री, तुमचीच कबुली. मला काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्याचा मला सराव आहे. पण रोज ते पत्र काढून वाचत होतो, आणि रोज तिसऱ्या पानावर आलं की घडी घालून ठेवत होतो. आज ते पान समोर उघडं ठेवून लिहितो आहे.

तुम्ही दोन्ही एकत्र कापली नव्हती. तुम्ही आणलेली झाडं दोन वेगळ्या टिपकागदांत होती, झाडं दाबायच्या दोन वेगळ्या चौकटींत, आणि दोन्हींवर तुमचे क्रमांक होते. मला आठवतं, कारण क्रमांकांवर मी हसलो होतो. तुमचा सात नेहमी पाणी प्यायला वाकल्यासारखा दिसतो.

ती दुपार अशी होती. तुम्ही जेवायला गेला होता. दोन्ही शीट मी चिकटवून ठेवल्या होत्या. सुटे झालेले पेले दोन बशांत होते, एकेका शीटच्या पाकिटात भरायचे. फार उकडत होतं. पाकिटं उघडी असताना पंखा लावायचा नाही हा आपल्या खोलीतला पहिला नियम, भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला. मी पंखा लावला. दोन मिनिटांसाठी. दोन्ही बशा रिकाम्या झाल्या.

मी गुडघ्यांवर बसून ब्रशने सगळे गोळा केले. चोवीस मिळाले. मला ते चोवीसही सारखे दिसले. मग मी काय केलं असेल? सुशिक्षित माणसाने करावं ते केलं. बारा-बाराची वाटणी. इतकी न्याय्य वाटणी माझ्या हातून पुन्हा कधी झाली नाही. पाकिटं मिटवली, शीटवर चिकटवली, हात धुतले.

त्या वेळी मला खरोखर वाटलं होतं की काही बिघडलेलं नाही. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. पेला म्हणजे पेला, असंच मला वाटायचं. चार महिन्यांनी बैठकीत साहेबांनी ते पाकीट उघडलं, भिंगाखाली पेले एकेक करून दोन ढिगांत लावले, लववाले इकडे, टकले तिकडे, आणि हसून म्हणाले, बाई, एका झाडाला दोन प्रकारचे घसे कसे? तेव्हा मला कळलं. फांदीवर उरलेलं एकुलतं फूल मी डिंकात बुडवून ठेवलं होतं, त्यामुळे ताडून बघायलाही काही नव्हतं. मी ट्रे धरून भिंतीशी उभा होतो. तुम्ही मागे वळून मला विचारलंत.

“भाऊजी, हे पाकीट तुम्ही उघडलं होतं?”

“नाही.”

एवढंच. पाकीट मी उघडलं नव्हतंच, भरलं होतं. तेव्हा शब्दशः मी खरं बोललो असंही स्वतःला कधीमधी सांगून पाहिलं. न्यायशास्त्र वाचलेल्या माणसाला असली वाट लगेच सापडते. तिच्यावरून फार लांब जाता येत नाही.

तुम्ही अजून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत. मग साहेबांना म्हणालात, ‘माझीच चूक असेल.’ महिन्याने राजीनामा. आणि ‘मिश्र नमुना, संशयास्पद’ ही चिठ्ठी शीटवर लावली, तीही माझ्याच अक्षरात. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. अक्षर सुंदर आलं आहे.

त्या ‘नाही’ला अर्धा क्षण लागला. मग ते सांभाळत बसलो. तुम्ही गेलात त्या दिवशी स्टेशनवर आलो नाही, ताप होता म्हणून कळवलं; ताप नव्हता. दादा असता तर त्याने माझं तोंड बघून ओळखलं असतं. तुम्हीही ओळखलं होतंत. आता मात्र तुम्ही माझी माफी मागता आहात, आणि ती खिशात ठेवून मला यापुढे जिना चढवत नाही.

सुटका व्हावी म्हणून लिहिलेलं नाही. फार थकलो आहे, एवढं खरं. तुम्ही काय म्हणाल याची कल्पना मी केलेली नाही, करणारही नाही.

दीर

३१ जुलै

वहिनी,

उत्तर नाही. बरोबर आहे. हे पत्र उत्तरासाठी नाही. शीटचं काय झालं ते तुम्हाला समजायला हवं.

आपल्याकडे चुकीची चिठ्ठी काढून टाकत नाहीत. जुनी तशीच राहते, तिच्याखाली नवी लावायची, नाव आणि तारीख घालून. पुढच्या माणसाला सगळ्यांच्या चुका क्रमाने वाचता याव्यात म्हणून. या खोलीत मी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, पण त्यांतली एकही माझी नव्हती. मत दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, अक्षर तेवढं माझं.

परवा एक लिहिली. ‘या पाकिटातील बारा पेल्यांपैकी काही या झाडाचे नाहीत. चिकटवण्याच्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने दोन नमुन्यांचे सुटे भाग उडाले. ते मी न ओळखता दोन पाकिटांत सारखे वाटले. गोळा करणाऱ्या बाईंकडून कोणतीही चूक झालेली नाही. विचारल्यावर मी खोटे बोललो.’ शेवटचं वाक्य शास्त्रीय नाही याची मला जाणीव होती.

नव्या बाईंकडे नेली. सोबत तुमच्या पाच पानांतली वर्णनाची दोन पानं आणि जूनमध्ये आणलेल्यांतली मी ठेवून घेतलेली फुलं. त्या उभ्यानेच वाचत होत्या, मग बसल्या. मोडक्या खुर्चीवर बसल्या, पडता पडता सावरल्या, आणि पुन्हा वाचू लागल्या.

“काका, हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?”

“कोणी नाही. माझंच आहे.”

“मग खाली नाव घाला. नाव नसलं तर ती चिठ्ठी तिकडे धरणार नाहीत.”

मी नाव घातलं. यादीतली एकशे सदतिसावी ओळ त्यांनी खोडली आणि वरिष्ठांना स्वतः पत्र लिहिते म्हणाल्या. माझ्याबद्दल काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील, पण सध्या खोकी बांधायला माणूस कमी आहे, तेव्हा उद्या वेळेवर या. अकरा वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होतो तो इतका छोटा निघाला, की मला थोडा अपमानच वाटला.

मेंढपाळ बाई काल येऊन गेली. नव्या बाईंनी तिला सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, दोन पुदिने वेगळे आहेत, खोटा कोणताच नाही. तिने कागद उलटा-सुलटा पाहिला, घडी घातली आणि मला विचारलं, वेगळा ओळखला कोणी? मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाली, मग इतकी वर्षं लिहून का नाही दिलं? या वेळी मी वाटेकडे पाहिलं नाही. कारण सांगितलं. तिने पोतं उचललं, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, फुलं अजून महिनाभर आहेत.

आज सकाळी खोकी गेली. तुमची शीट गेली. बाकीच्या दोनशे अकरा खाली अंगणात आहेत.

दीर

१८ ऑगस्ट

(नमुन्यासोबतची चिठ्ठी)

कुळ: पुदिन्याचं.

जागा: सावलीच्या बाजूचा उतार, फुटक्या दातासारख्या खडकाच्या वर. मेंढपाळ बाईच्या घरापासून माझे चार दम. तिचा एकही नाही.

दिसलं ते: खोड चौकोनी, धारांवर बारीक केस, खाली वळलेले. पानं बोटाच्या पेराएवढी, कडेला बोथट दाते. फुलं फिकट जांभळी, खालच्या ओठावर दोन गडद ठिपके, माशी बसते ती नेमकी त्यांच्यामध्ये. पेला दोन ओठांचा, घशात लव. फूल गळलेल्या पेल्यांत चार इवल्या बिया. लव आत मिटलेली, त्यामुळे पेला उलटा केला तरी बिया पडत नाहीत. ही लव कशासाठी असते ते मला यावरून वाटलं. चुकत असेन तर कळवावं.

वास: पहिल्यांदा पुदिन्याचा, मग ओल्या दगडाचा.

गोळा करणारा: तुमचा दीर. दुसऱ्यांदा चढला.

शेरा: कार्ड काल मिळालं. ‘वाचलं. राग यायला वेळ लागेल, आणि जायला किती लागेल माहीत नाही. पत्रं पाठवू नका. नमुने पाठवा.’ त्याप्रमाणे हे पत्र नाही. दोन्ही जातींची मुळं जमिनीखाली एकमेकांत होती. मातीसकट, गड्डा जसा निघाला तसा ओल्या कापडात गुंडाळून पाठवतो आहे. कोणता कुठला ते तुम्ही वेगळं करा. मी हात लावलेला नाही.